तंगुसाचं उत्तरकार्य

मासे धरण्याविषयी पुष्कळ लिहून झालं आहे. निसटलेल्या माशाची लांबी हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकारच. पण रिळावरचा जुना तंगूस काढावा कसा आणि टाकावा कुठे, याबद्दल गळ टाकून बसणारी मंडळी मौन पाळतात. कळवणात राहणाऱ्याला, चणकापूरचं धरण जवळ असल्यामुळे, हा प्रश्न टाळता येत नाही.

तंगूस म्हणजे नायलॉन. १९३५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कॅरदर्सनं तो शोधला आणि पुढे बायकांचे पाय व माशांची तोंडं यांना तो साधारण एकाच सुमारास लागला. गुणी खरा, पण वेटोळं घालून बसला की तो आकार सोडत नाही. वर्षभरानं गळ फेकावा, तर स्प्रिंगसारखा बाहेर येतो. शिवाय उन्हानं कमजोर होतो. दोन नखांत धरून ओढून पाहावा. खरखरीत लागला, तर त्याचे दिवस भरले. ही परीक्षा घरीच घ्यावी. धरणावर ती मरळ घेते आणि निकाल जागच्या जागी लावते.

हातानं ओढून काढू गेलं, तर १०० मीटर तंगुसात आधी खुर्च्या, मग मांजर आणि शेवटी घरची माणसं गुंततात. पण नाशिक जिल्ह्यात जन्म घेतल्याचा काही फायदा हवाच! संक्रांतीला पतंग उडवायची येवल्याची आसारी माळ्यावर असतेच. मेहुण्यांनी रीळ सैल करून धरलं, आम्ही आसारी फिरवली. "दाजी, जरा दमानं!" एवढंच ते बोलले. तळाचा थोडा तंगूस तसाच ठेवला. तो कधी पाण्यात उतरलेलाच नसतो. त्यावर नवा बांधला की पैसे वाचतात. ही युक्ती आमच्या घरात विशेष लोकप्रिय आहे.

आता उत्तरकार्य. काकूंना तो कारल्याच्या वेलासाठी हवा होता आणि गल्लीतल्या पोरांना आसारीसकट. "काका, द्या ना, पतंगाला!" इथं मात्र आम्ही हसलो नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली ती उगीच नव्हे. संक्रांत आली की दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरल्याची बातमी येते, झाडांवर पाखरं लटकतात. तंगूस गळाला निकामी झाला, तरी गळ्याला होत नाही. पोरांना सुती दोऱ्याचं रीळ आणून दिलं. ते त्यांनी घेतलं, पण आमच्याकडे चिक्कू माणसाकडे पाहावं तसं पाहत.

धरणात टाकावा, तर बगळे अडकतात. उकिरड्यावर टाकावा, तर गाय खाते. पुरावा, तर आपल्या पणतवंडांनाही पुरून उरेल. जाळला, तर धूर काकूंकडे जातो आणि काकू आमच्याकडे येतात. अमेरिकेत म्हणे मासेमारीच्या धक्क्यांवर प्लास्टिकच्या जाड नळ्या लावलेल्या असतात. त्यांत टाकलेला तंगूस गोळा करून वितळवतात आणि पुन्हा वापरतात. तसली नळी चणकापूरला आमच्या तरी नजरेस पडलेली नाही.

तेव्हा कात्री. आसारीवरच आडवी चालवली की सगळी वेटोळी एकदम तुटतात. मग ती जुडी कोथिंबिरीसारखी बारीक चिरायची.

"अहो, ती ब्लाऊजची कात्री आहे!" आतून आवाज आला. आम्ही चिरत राहिलो.

तुकडे बाटलीत भरले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली सुक्या कचऱ्यात दिली. घंटागाडीवाल्यानं ती उजेडात धरून हलवली.

"काका, शेवया खराब झाल्या का?"