लाइनदोरी

माणदेशातल्या आटपाडीत कुठंही बांधकाम चालू असू द्या, गवंड्याच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : लाइनदोरी. विटांचा थर सरळ यावा म्हणून दोन टोकांना खिळे मारून ताणलेली बारीक दोरी. भाषेच्या शुद्धतेची काळजी वाहणारा एखादा म्हणेल, नुसती दोरी म्हटलं तरी भागतं की, पुढं लाइन कशाला जोडायची? पण शब्दाचं कूळ शोधत गेलं तर गवंड्याचीच बाजू वरचढ ठरते. इंग्रजांची लाइन जन्मली तीच मुळी दोरी म्हणून.

लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस, आपली अळशी. तिच्या खोडातून वाख निघतो, तो कातून केलेला धागा म्हणजे ‘लिनेआ’. रोमन सुतार आणि गवंडी तो ताणून आपलं काम सरळ करीत. धागा उचलला तरी त्याच्या कडेनं आखलेली खूण मागं राही, आणि हळूहळू त्या खुणेलाही धाग्याचंच नाव पडलं. म्हणजे आधी दोरी, मग रेघ. लिननचा सदरा याच घरातला. ब्लाउजला शिंपी जे लायनिंग लावतो तेही इथलंच, कारण अस्तर एके काळी लिननचं असे. जवसाच्या तेलापासून केलेलं लिनोलियमही याच गोत्रातलं. आपण मात्र त्या झाडाची ओळख ठेवली ती चटणीपुरती. भाकरीवर जवसाची चटणी घेताना आपण लाइनीचं बी खातोय हे कुणाच्या ध्यानात येणार?

जवसाचा धागा आपल्याला अगदीच परका होता असं नाही. संस्कृतात क्षुमा म्हणजे जवस आणि क्षौम म्हणजे तिचं वस्त्र. पण माणदेशाचा धागा लोकरीचा. मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातणारा धनगर हा या माळाचा खरा सूतकार. मराठीनं ओळीला आणि रेघेला धाग्याचं नाव दिलं नाही. ‘ओळ’ आली आवलीवरून, जी दिवाळीत दिव्यांची होते. ‘रेघ’ आली रेखेवरून, म्हणजे ओरखडलेली. एकीत वस्तू शेजारी शेजारी मांडायच्या, दुसरीत जमिनीवर ओरखडा काढायचा.

शेतकऱ्याचं एवढ्यावर भागलं नाही. नांगरानं पडतं ते तास, पाभरीनं पडते ती काकरी, उसाला पाणी खेळवायचं ती सरी. खुरपायला बसलेली बाई धरते ती पात, आणि दोन शेतांच्या मधली ती मेर. माणसं उभी राहिली की रांग, भिंत उभी राहिली की ओळंबा. इंग्रजीत लाइनीच्या एका दावणीला जे सगळं बांधता येतं, त्याला मराठीनं प्रत्येकी वेगळा खुंटा दिला होता.

आता आटपाडीतसुद्धा दावण एकच होत चालली आहे. एसटी स्टँडवर लाइन, पोलिसांची लाइन, विजेच्या तारांची लाइन, क्रिकेट बघताना लाइन आणि लेंग्थ. वाया गेलेलं पोरगं सुधारलं तर ‘लाइनीवर आलं’, बिघडलं तर कुणावर तरी ‘लाइन मारतंय’. डाळिंबाची बाग धरणारा माणूस आधी दोरी लावून फक्कीनं ओळी आखतो, मग ठिबकची मेन लाइन, तिच्यावर सबमेन, तिच्यावर लॅटरल. झाडाच्या बुडाशी पाण्याचा थेंब पडतो तेव्हा त्याच्यामागं इंग्रजी शब्दांची अशी एक उतरंड उभी असते. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाणी येत असेल तर ते कुठल्या भाषेतून आलं हे कोरड्या रानानं विचारू नये.

मात्र या शब्दाला दोन स्वभाव आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. ताणलेली लाइन दोन टोकं जोडते. आखलेली लाइन दोन बाजू तोडते. सिरिल रॅडक्लिफ १९४७च्या जुलैत हिंदुस्थानात आले आणि काही आठवड्यांत त्यांनी कागदावर फाळणीची जी लाइन ओढली, तिच्या दोन्ही बाजूंच्या लाखो माणसांनी तिची किंमत मोजली.

आज आपण कामाच्या मुदतीला सहज ‘डेडलाइन’ म्हणतो, तिचा जन्म तर तुरुंगातला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांची छावणी होती. तिच्या तटाच्या आत थोड्या अंतरावर लाकडी कठडा घातलेला असे. तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकऱ्यानं गोळी झाडायची, म्हणून ती डेडलाइन. वर्तमानपत्रांनी तो शब्द नंतर वेळेच्या मर्यादेसाठी उचलला.

अँडरसनव्हिलनंतर ७५ वर्षांनी, १९३९ साली, आटपाडीजवळच्या माळावर नेमका उलटा प्रयोग झाला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून कैद्यांसाठी स्वतंत्रपूर वसवलं. फ्रिडमन मूळचे पोलंडचे इंजिनिअर. स्वतंत्रपूरला तट नव्हता, कठडा नव्हता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी बायकामुलांसह राहायचं, शेती करायची आणि पळून जायचं नाही. १९५७चा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट या प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्याचे. पडद्यावरची गोष्ट जगभर गेली, वसाहत मात्र आपल्या जागी नांदत राहिली. बाहेर कसलीच रेघ नसली की माणसाला ती स्वतःच्या आत आखावी लागते, हे त्या माळानं सिद्ध केलं.

सरकारी नकाशातल्या रेघा मात्र आटपाडीवरून बऱ्याचदा फिरल्या. १९४८ साली औंध विलीन झालं, तालुका दक्षिण साताऱ्यात गेला, १९६०मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. माणगंगा साताऱ्याच्या डोंगरात उगवते, सांगली जिल्ह्यातून वाहते आणि सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. तिला जिल्ह्याची हद्द कधी कळली नाही, पण तिच्यात पाणीच नसे तेव्हा तिच्या कळण्या-न कळण्याला अर्थ तरी काय?

पाणी आलं ते ताणलेल्या लाइनीनं. १९९३पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी तिथं मागणी लावून धरली, की कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं आणि ते समन्यायी वाटावं, भूमिहीन कुटुंबालाही त्यात हिस्सा असावा. कराडजवळच्या टेंभू इथं कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून या उंच माळावर चढवायचं, ही टेंभू योजना. उघड्या पाटानं आलेलं पाणी वाटेत मुरतं, उन्हानं उडतं आणि वरच्या दांडग्या हातांत अडकतं. म्हणून आटपाडीच्या रानात बंद नळानं वाटप करण्याचा आग्रह धरला गेला.

पाण्याच्या या भाषेत आणखी एक आखूड इंग्रजी शब्द रुळला आहे : टेल. शेपटाकडचा, सगळ्यांत शेवटचा शेतकरी. हेडला, म्हणजे पाण्याच्या तोंडाशी, बसलेल्याला लाइन नेहमीच चांगली चाललेली दिसते. कार्यालयातल्या कागदावर ती त्याहून चांगली दिसते. म्हणून लाइन चालू आहे का हे हेडला विचारू नका. ते टेलला जाऊन बघा, आणि तिथं पाणी पोचलं असेल तरच चालू आहे म्हणा.