भेगा पडल्या!

भेगा पडल्या! बाराव्या मिनिटाला मी ओव्हनच्या काचेसमोर उकिडवी बसले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या नानखटाईच्या माथ्यावर बारीक रेघ उमटली. मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सोळाच्या सोळा गोळे फुलून तडकले. वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता. शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, आज काय आहे म्हणून. आज नानखटाई आहे, काकू! मी केलेली, आजीच्या वहीतली!

ती वही आईला माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. नानखटाईच्या पानावर तुपाचा एवढा मोठा डाग आहे की त्यातून मागच्या पानावरचं लिंबाचं लोणचं वाचता येतं. मजकूर पाच ओळींचा. तूप १ वाटी, पिठीसाखर १ वाटी, मैदा मावेल तसा, रवा-बेसन थोडं, सोडा चिमूटभर, दही चमचाभर. तूप पांढरं होईतो फेसावं. थेंब पाण्यात टाकावा, तरंगला की झालं. संपलं! किती वेळ भाजायचं, किती आचेवर, एक अक्षर नाही.

आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, भाजायची कुठे आम्ही? भट्टीवर न्यायचो!’ आणि मग अर्धा तास मी नुसती ऐकत राहिले. मिरजेत मे महिन्याच्या सुट्टीत घराघरातून तूप, साखर, मैदा घेऊन बायका बेकरीत जायच्या. पहाटेचे पाव निघाले की दुपारी भट्टी जरा निवायची आणि ती मवाळ आच बिस्किटांना बरोबर लागायची. नंबर लावायचा, पत्र्यांवर गोळे मांडून द्यायचे. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचा. आई आणि मामा तिथेच पायरीवर बसून राहायचे, आपले पत्रे दुसऱ्याच्या पत्र्यांत मिसळू नयेत म्हणून! संध्याकाळी तेलाचा चौकोनी डबा भरून नानखटाया घरी यायच्या आणि तो डबा आजी कपाटावर ठेवायची. सुट्टीभर पुरवायच्या होत्या ना! म्हणजे आच आणि वेळ सांभाळणारा माणूस दुसरा होता. आजीनं लिहून ठेवलं ते फक्त तिच्या हातातलं काम.

आणि ते काम म्हणजे फेसणं. पहिल्या खेपेला माझं तूप पातळ होतं. पुण्याचा मे महिना, डब्यातलं तूप तेलासारखं वाहत होतं. तसंच साखरेत कालवलं, गोळे केले, आणि ओव्हनमध्ये ते सगळे पसरून एकमेकांना चिकटले. ताटभर एकच चपटी वडी! रडूच आलं मला. मग पुन्हा वही उघडली, तर पानाच्या कडेला आडव्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं: ‘उन्हाळ्यात परात गार पाण्यावर ठेवावी.’ काय सांगू, अंगावर काटा आला. ती तिथेच होती, पानाच्या कडेला.

परात गार पाण्याच्या पातेल्यावर ठेवली, थिजलेलं तूप आणि पिठीसाखर घेतली आणि तळहातानं फेसायला लागले. पाच मिनिटं पिवळं. दहा मिनिटं पिवळं. मनगट भरून आलं. आणि मग रंग उतरायला लागला: पिवळ्याचा मोतिया, मोतियाचा पांढरा. हाताला आधी जड लागणारं ते आता लोण्याहून हलकं लागत होतं. वाटीभर पाण्यात थेंब टाकला. तरंगला!

या थेंबाचा मी दिवसभर विचार केला. नुसतं तूप पाण्यावर तरंगतंच, ते पाण्याहून हलकं. पण त्यात साखर मिसळली की मिश्रण जड होतं, थेंब तळाशी जातो. तो पुन्हा वर येतो तो आत कोंडलेल्या हवेमुळे. म्हणजे आजी त्या थेंबातून हवा मोजत होती! वजनकाटा नाही, पुस्तक नाही, वाटीभर पाणी फक्त.

‘मावेल तसा’सुद्धा आता कळलं. दोन वाट्यांच्या आसपास मैदा गेला, पण आकड्यापेक्षा हाताला कळतं: गोळा वळला जातो आणि तरी भुसभुशीत राहतो, तिथे थांबायचं. मळायचं मुळीच नाही. तुपात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, मैद्याला चिकटपणा धरायला ओल मिळत नाही, म्हणून तर नानखटाई दाताखाली चावावी लागत नाही, विरते. लोण्याची करून पाहा, फरक कळेल.

१६० अंशांवर अठरा मिनिटं. बाहेर काढल्या तेव्हा इतक्या मऊ होत्या की कच्च्या राहिल्या असं वाटलं. हात लावू नका! निवता निवताच त्या खुसखुशीत होतात.

नानखटाईची मुळं सुरतेतल्या डचांच्या बेकरीत आहेत असं सांगतात. असतीलही. माझ्यासाठी ती मिरजेच्या भट्टीतून आली.

संध्याकाळी डबा घेऊन आईकडे गेले. तिनं एक उचलली, उलटी करून बूड पाहिलं, मग चावली. डोळे मिटून म्हणाली, ‘जायफळ राहिलं गं.’ वहीत जायफळ नाहीच! ‘नसेल लिहिलं. पण ती घालायची.’

परात पुन्हा गार पाण्यावर ठेवली आहे. जायफळ किसून तयार आहे. तूप थिजायला लागलंय.