भाचीच्या मानेतली नळी

माझी भाची सहा वर्षांची. गारगोटीजवळच्या तिच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं शाळा-अंगणवाड्यांतून फिरतात. डॉक्टरीणबाईंनी छातीला लावलेला स्टेथोस्कोप बराच वेळ उचललाच नाही. मग म्हणाल्या, कोल्हापूरला नेऊन इको करा.

इकोत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक निघालं. अशी बरीच भोकं आता छाती न उघडता बुजवतात. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन निकेल-टायटॅनियमच्या तारेची जाळी भोकात बसवतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तिची एकेक चकती उघडते.

हिच्या बाबतीत ती वाटच नव्हती.

पायांकडून रक्त आणणारी मोठी शीर लिव्हरच्या खालीच संपलेली, हे सीटी स्कॅनमध्ये पक्कं झालं. तिथलं रक्त कण्यालगतच्या ॲझायगस शिरेतून छातीत चढून, वरच्या बाजूनं हृदयात उतरत होतं. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. तिथले डॉक्टर मूळचे आपल्याकडचेच. केसपेपरच्या मागे रेघा ओढत म्हणाले, "2019 च्या पुरात शिरोलीला हायवे बंद होता, तसंच समजा. रक्त लांबून फिरून येतंय, पण येतंय. त्याचा हिला त्रास नाही. आमची नळी मात्र एवढी वळणं घेऊन भोकाशी सरळ लागत नाही." लिव्हरच्या शिरा अशा मुलांत थेट हृदयात उघडतात, तिथूनही जाता येतं. त्यांनी मानेतली शीर निवडली.

"मानेतनं नळी घालणार? पोरीला झेपंल न्हवं?" आजीनं विचारलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मला त्या माणसाबद्दल तिथेच विश्वास वाटला.

मानेकडून भोकाचा कोन अवघड पडतो. चकती आधी तिरकी बसली, ती परत नळीत ओढून घेऊन नीट बसवली, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. सोडेपर्यंत जाळी तारेला जोडलेली असते म्हणूनच हे जमतं. दुसऱ्या दिवशी पोरगी मानेवरची पट्टी चाचपत भडंग मागत होती. सहा महिने ॲस्पिरिन, तोवर जाळीवर हृदयाचं अस्तर चढतं.

भोक बुजलं, शिरांची रचना जन्मभर तशीच राहणार. पुढे कुठल्याही ऑपरेशनमध्ये ती ॲझायगस शीर चुकून बांधली गेली, तर जिवावर बेतेल. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात असं काही असेल, तर ते फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्या आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी ते पान दाखवा.