पाणचक्कीतला संसार

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. या दोन्हींनी एका राजाची परीक्षा घेतली, आणि त्याची साक्ष फ्रान्समधल्या एका जुन्या पाणचक्कीत मिळते.

पॅरिसच्या नैर्ऋत्येला जिफ-सूर-इव्हेत नावाचे गाव आहे. लोकलने पाऊण तासाची वाट. तिथे मेरांतेझ नावाच्या लहानशा नदीकाठी ‘मूलँ द ला त्युइलरी’, म्हणजे कौलभट्टीची चक्की, उभी आहे. दारावर साल आहे १७३४. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना फार सांगायला नको. पाण्याच्या जोराने चाक फिरते, त्याबरोबर वरचा दगड फिरतो, खालचा जागचा हलत नाही. आपल्या आजीचे जातेच की! फक्त दळायला बाईऐवजी नदी.

पुढे दळण थांबले आणि चक्कीचे घर झाले. पाण्याला खेटून असलेल्या दगडी वास्तूत ओल आलीच, पण एत्येन द्रियाँ या चित्रकाराने ती राहण्याजोगी केली. १९५२ साली त्याच्याकडून ती ड्यूक ऑफ विंडसर आणि त्यांच्या पत्नी वॉलिस यांनी विकत घेतली. हे ड्यूक म्हणजे पूर्वीचे इंग्लंडचे राजे आठवे एडवर्ड. घटस्फोटिता वॉलिसशी लग्न करायचे म्हणून १९३६ च्या डिसेंबरात त्यांनी गादी सोडली. पुढच्या जूनमध्ये फ्रान्समध्येच लग्न लागले. पॅरिसमधला त्यांचा बंगलासुद्धा नगरपालिकेच्या मालकीचा, भाड्याचा. दोघांच्या मालकीची वास्तू म्हणाल तर ही चक्की एवढीच!

ड्यूक इथे हौसेने बागकाम करीत. रसेल पेज या नामांकित उद्यानतज्ज्ञाची मदत घेऊन त्यांनी पाण्याकाठी थेट इंग्लंडमधल्यासारखी फुलबाग केली. देश दुरावलेला माणूस, त्याने वाफ्यांतच देश उगवून घेतला म्हणा ना.

आणि बाईसाहेब? त्यांनी एका भिंतीवर चक्कीचे चित्र काढून घेतले आणि खाली लिहवले, की मी काही चक्कीवाल्याची लेक नव्हे, पण भरडून मात्र निघाले आहे! वाचून आधी हसू येते, मग येत नाही. साऱ्या जगाने नावे ठेवलेली ती बाई. तिचा जीव रमे तो पॅरिसमध्ये, माणसांच्या गर्दीत. खेड्यातले घर ही मुख्यतः नवऱ्याची हौस.

१९७२ मध्ये ड्यूक गेले आणि दुसऱ्याच वर्षी डचेसने चक्की विकून टाकली. स्वतःचे घर सोडले आणि १९८६ मध्ये मरेपर्यंत त्या भाड्याच्या बंगल्यात राहिली. कुणी म्हणेल, किती कोरडी बाई! मला नाही तसे वाटत. बाग ज्याची होती तोच गेला. मागे उरल्या त्या भिंती, आणि त्यातल्या एकीवर तिचे ते दुखणे.

आपल्यातल्याही कितीजणी नवऱ्याच्या हौसेच्या किंवा सासरच्या घरात जन्म काढतात. घर घेताना आपण नळाचे पाणी पाहतो, ओल पाहतो, शेजार पाहतो. ते पाहावेच. पण एक प्रश्न मनाशी जरूर विचारावा: उद्या एकटी उरले, तर या घरात माझे म्हणावे असे काय असेल? एखादा कोपरा, चार कुंड्या, पुस्तकांची फळी, काहीही चालेल. पण ते आजच मांडून ठेवावे.