नव्या रायफलीचे घट्ट मॅगझिन

आमची मोठी मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एनसीसीत आहे. गेल्या हिवाळ्यात ती शिबिराहून परतली ती उजव्या तळहाताला पट्टी बांधूनच. दादीने पट्टी पाहिली, कारण विचारले आणि रायफलीचे नाव ऐकताच त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मी सही करू नका म्हटलं होतं ना?" पुढचे दोन दिवस आमच्या घरात याच एका विषयावर बोलणे चालले होते. शेवटी आमचीही एक चूक आमच्या लक्षात आली, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचे. लष्कराच्या केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे आमच्या गावाचे नाव देशभर ठाऊक आहे. ३१ मे २०१६ ची ती रात्र आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. मध्यरात्रीनंतर पहिला आवाज झाला, खिडक्या थरथरल्या आणि आभाळ लाल झाले. मुलांना कडेवर घेऊन आम्ही अंगणात उभे होतो आणि दादी तस्बीह फिरवत होत्या. आगरगाव, पिपरी अशी जवळची गावे रातोरात रिकामी झाली. त्या आगीत सोळाहून अधिक जीव गेले. त्यात दोन लष्करी अधिकारी होते आणि आग विझवायला धावलेले भांडाराचे जवान होते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला बाद झालेला दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात रोजंदारीवर गेलेली आसपासच्या गावांतली माणसे होती.

म्हणून मुलीने एनसीसीचा फॉर्म आणला तेव्हा दादींचा विरोध तिच्या वर्दीला किंवा परेडला नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच, की ज्या घराने बारूद इतक्या जवळून पाहिली त्या घरातल्या मुलीने बंदूक हातात का घ्यावी? आम्हालाही धाकधूक होतीच. पण मुलगी जिद्दीची. प्रमाणपत्राचा पुढे भरतीत उपयोग होतो, हेही खरे. आम्ही सही केली. शिबिराला निघताना मात्र आम्ही तिला म्हणालो, "मोहल्ल्यातून तू एकटीच चाललीस. सगळ्यांचं लक्ष तुझ्यावर असेल. आमची मान खाली जाऊ देऊ नकोस."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

फायरिंगच्या दिवशी झाले ते असे. पंचवीस मीटरवर कागदी टार्गेट, पॉइंट टू टू रायफल आणि प्रत्येकीला पाच गोळ्या. हिच्या वाट्याला अगदी नवी रायफल आली. ती पोटावर पडून पोझिशनमध्ये आली, पण मॅगझिन काही बसेना. अर्धे आत जाई आणि अडे. शेजारच्या मुली तयार झाल्या होत्या, मागे पुढची तुकडी उभी होती. हिने तळहाताने खालून एक ठोसा दिला, मग दुसरा, मग जोर लावून तिसरा. मॅगझिन तिरके घुसून तिथेच अडकले आणि त्याच्या कडेने तळहात कापला गेला. रक्त पाहून उस्तादांनी सगळी रांग थांबवली. "खाली कर"चा हुकूम झाला. नळीचे तोंड टार्गेटकडेच ठेवून त्यांनी मॅगझिन काढले, बोल्ट उघडला, चेंबर रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहिले आणि मगच तिला उठू दिले. तिची पाळी गेली. घरी आल्यावर ती हाताच्या दुखण्याने रडली नाही. "आता मला फायरिंगच्या टीममध्ये कोणी घेणार नाही," म्हणून रडली.

रविवारी हिंगणघाटहून तिचे मामू आले. ते फौजेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी पट्टीबद्दल काहीच विचारले नाही. "बोल्ट उघडा होता की बंद?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बंद."

"आणि तू मॅगझिन नीट पाहिलंस का?"

"नाही. वेळ नव्हता."

मामूंनी आमच्या शिलाई मशीनमधून बॉबिन केस काढली आणि तिच्या हातात दिली. ही मशीन नवी होती तेव्हा तिची केस अशीच अडायची. एकदा आम्ही ती स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकली होती आणि मग दोन दिवस शाळेच्या गणवेशांचे काम बंद ठेवून मिस्त्रीची वाट पाहिली होती. मामूंना ते आठवत होते.

मग त्यांनी समजावून सांगितले. मॅगझिन म्हणजे पत्र्याची एक डबी. तिच्यात स्प्रिंग असते, स्प्रिंगवर गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी असते आणि वरच्या दोन वळवलेल्या कडा गोळीला धरून ठेवतात. डबी आपल्या खाचेत पुरती गेली की कॅच 'टक्' करून तिला पकडतो. तो आवाज आला नाही तर मॅगझिन बसलेले नाही, दिसायला कितीही बसलेले दिसो.

घट्ट बसण्याची कारणेही त्यांनी बोटांवर मोजली. नवे हत्यार गंजू नये म्हणून कारखान्यातून ग्रीस लावून येते. ते खाचेत साचून थंडीत घट्ट होते. नव्या लोखंडाच्या कापलेल्या कडेला कधी बारीक धार राहून गेलेली असते. मॅगझिन काठोकाठ भरलेले असेल आणि बोल्ट बंद असेल तर वरची गोळी बोल्टच्या तळाला टेकते आणि स्प्रिंग उलट जोर लावते. अशा वेळी बोल्ट आधी मागे घ्यावा. पॉइंट टू टूच्या गोळीच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. भरताना या कडा एकमेकींत अडकल्या तरी सगळे बिघडते. शेवटचे कारण म्हणजे तिरका हात.

"मी भरती झालो तेव्हा एसएलआर होती," मामू म्हणाले. "तिचं मॅगझिन आधी पुढून अडकवायचं आणि मग मागून वर घ्यायचं. सरळ वर दाबलं तर पैलवान आला तरी बसायचं नाही. ठोसे आम्हीही मारले आणि शिक्षाही खाल्ली." पुढे इन्सास आली, तिचे मॅगझिन प्लॅस्टिकचे. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत त्या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हेही त्यांनी सांगितले. ठोसा खाऊन चेपलेल्या पत्र्याचे किंवा तडकलेल्या प्लॅस्टिकचे मॅगझिन गोळी नीट वर देत नाही आणि नेमक्या गरजेच्या वेळी दगा देते.

"मग कानस मारून सैल करायचं?" धाकट्याने विचारले.

"हात लावायचा नाही! ते आर्मररचं काम. जास्त घासलं तर मॅगझिन डुलायला लागेल आणि ते घट्टपणापेक्षा वाईट. नवी वस्तू घट्टच असते. साफ केली, रिकामी असताना चार वेळा लावली-काढली, की बसते जागेवर."

इतका वेळ दादी गहू निवडत ऐकत होत्या. आता त्यांनी विचारले, "ठोकताना गोळी सुटली असती तर?"

मामूंनी खोटा दिलासा दिला नाही. "चेंबरमध्ये गोळी नव्हती अम्मी, त्यामुळे त्या दिवशी सुटली नसती. पण ज्याला ठोकायची सवय लागते, तो एक दिवस भरलेल्या हत्यारालाही ठोकतो. तुमची भीती बरोबर आहे." मग ते मुलीकडे वळले. "अडलं तर काय करतात, हे पहिल्या दिवशी शिकवलं असेल ना?"

"हात वर करायचा."

"मग का नाही केलास?"

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग आमच्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "घरून सांगितलं होतं, मान खाली जाऊ देऊ नकोस."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. हिंमत द्यायला म्हटलेले वाक्य तिने ओझ्यासारखे नेले होते. हात वर करणे म्हणजे हरणे, असे तिला वाटले. मॅगझिन घट्ट होते हे खरे, पण तो ठोसा आमच्या बोलण्यातून आला होता. आम्ही तिला तसे सांगितले आणि तिची माफी मागितली. आईबापांनी मुलांची माफी मागण्याची रीत आपल्या घरांतून फारशी नाही. त्या दिवशी आम्हाला त्याची लाज वाटली नाही.

एनसीसी सोडायची की नाही, याचा निकाल दादींवर सोपवला. त्यांनी नातीला समोर बसवून विचारले, "आता अडलं तर काय करशील?" ती म्हणाली, "नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, जोर लावायचा नाही, हात वर." दादींनी ते दोनदा म्हणवून घेतले. मग निवडलेला गहू डब्यात भरत म्हणाल्या, "जा मग. अल्लाह हाफिज."

महिन्याभराने पुन्हा फायरिंग झाली. पुन्हा एक नवी रायफल, पुन्हा तोच घट्टपणा. तिने हात वर केला. उस्ताद आले, त्यांनी रायफल आर्मररकडे पाठवली आणि तिला दुसरी दिली. कोणी हसले नाही. नंतर कळले, की खाचेच्या कोपऱ्यात ग्रीसचा गोळा बसला होता. तिच्या पाचपैकी तीन गोळ्या कागदावर लागल्या, दोन गेल्या. टीममध्ये तिची निवड झाली नाही. पण घरी येऊन तिने दादींना आधी हेच सांगितले, की आज मी हात वर केला.

पाठवणीच्या वेळी मुलांना काय सांगायचे, याचा आम्ही आता विचार करतो. धाकटा पुढच्या वर्षी शिकायला नागपूरला जाणार आहे. त्याच्यासाठी आमचे वाक्य ठरले आहे : बेटा, कुठे अडलं तर लगेच सांग.