खाडा

गेल्या पावसाळ्यात आजी गुडघ्याच्या उपचारांसाठी निपाणीहून आमच्याकडे बेंगळूरला आली आणि दोन महिने राहिली. वय ऐंशीच्या पुढे, पण सकाळी पाचला उठणार, मिश्री लावणार आणि गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसणार. आमच्या सोसायटीत तिला बोलायला कोणी नव्हतं. एक आमच्याकडे कामाला येणारी अक्का होती. ती यादगीरकडची, तिला मराठीचा गंध नाही. आजीचं कन्नड बाजारापुरतं. तरी दोघी भाजी निवडत तासभर बोलायच्या. मी बारा वर्षं बेंगळुरात राहून जेवढं कन्नड बोलले नसेन, तेवढं आजी आठवडाभरात बोलली.

एकदा अक्का सलग दोन दिवस आली नाही. फोनही बंद. माझ्या ऑफिसात नेमकी धावपळ, मुलाची परीक्षा, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. मी शेजारणीला फोनवर म्हटलं, "या महिन्यात तीन खाडे झाले. आता पैसे कापल्याशिवाय यांना कळायचं नाही."

फोन ठेवला तर आजी दारात उभी.

"खाडा धरतीस तू?" तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता, पण मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अगं, सगळेच धरतात."

"व्हय. सगळीच धरत्यात," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशीची भांडी तिनेच घासली. मी नको नको म्हणत राहिले, तिने ऐकलं नाही.

आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, हे आम्हा नातवंडांना माहीत होतं. म्हणजे जसं आजोबा पैलवान होते हे माहीत होतं, तसं. घरातली एक गोष्ट, पुढे कुणी विचारत नाही. निपाणीत तेव्हा निम्मं गाव तंबाखूवर जगायचं. आसपासच्या काळ्या रानात विडीची तंबाखू पिकायची, गावात व्यापाऱ्यांच्या वखारी, आणि त्या वखारींत तंबाखू झोडपायला, चाळायला, पोती भरायला बायका. घरी बसून सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांना हजारावर मजुरी, आणि त्यातूनही विड्या खराब म्हणून छाट काढायची.

रात्री जेवणं झाल्यावर आजी आपणहून बोलायला लागली. माझी आत्या चार वर्षांची असताना तिला गोवर निघाला. आजी तीन दिवस वखारीत गेली नाही. चौथ्या दिवशी गेली, तर मुकादमाने तीन दिवसांची मजुरी कापलीच, वर तिला दाराबाहेर उभं केलं. कायम कामगार असा प्रकारच नव्हता. आज घेतलं तर काम, नाही तर परत जा. आत गेल्यावर धुळीने श्वास कोंडायचा. पदर नाकातोंडावरून घट्ट बांधायचा, तरी रात्री खोकून खोकून उलटी व्हायची. पोटुशी बाई असली तरी तेच काम. मुकादम काय बोलेल, कुठे हात लावेल, याचा नेम नाही. "आन् सांगायचं कुनाला? घरात सांगितलं तर घरचीच म्हननार, जाऊ नगंस. मग खायाचं काय?"

"मग बदललं कसं?" मी विचारलं.

"युनियन झाली की गं."

प्राध्यापक सुभाष जोशी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी या बायकांना एकत्र करायला सुरुवात केली, तो काळ १९८० च्या आसपासचा. आजी पहिल्या सभेला गेली ती चोरून. जाताना सोबत घागर घेतली, कुणी विचारलं तर पाण्याला चालले म्हणायचं. सभेत कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. मग एका म्हातारीने उठून फक्त आपली दिवसाची मजुरी किती ते सांगितलं. दुसरीने तिची सांगितली. एकाच कामाला वेगवेगळ्या वखारीत वेगवेगळी मजुरी, हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदा कळलं. आजी म्हणाली, "तिथनं पुढं मग भ्या कमी झालं. आपन एकलीच फसलोय असं वाटायचं आदी."

त्याच सुमारास, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडलं. बैलगाड्या, तंबू, हजारो शेतकरी. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी बळी पडले. शाळेत असताना आम्हाला निपाणी म्हणजे सीमाप्रश्न एवढंच ठाऊक होतं. १९५६ ला आपण कुठल्या राज्यात गेलो, यावर घरात वाद व्हायचे. तंबाखू पिकवणारा आणि तंबाखू चाळणारी, दोघांनीही एकाच गावात, जवळजवळ एकाच वेळी मान वर काढली होती, हे मला चाळिशीला टेकल्यावर आजीकडून कळलं.

यावर एक चित्रपटही आहे. दीपा धनराज आणि 'युगांतर' गटाने १९८२ साली निपाणीच्या या बायकांबरोबर राहून केलेला, 'तंबाकू चाकिला ऊब आली'. जेमतेम पंचवीस मिनिटांचा माहितीपट. जुनी रिळं जपून त्याची डिजिटल प्रत आता तयार झाली आहे. मी तो मिळवला आणि एका रविवारी आजीला लॅपटॉपसमोर बसवलं. मला वाटलं, ती रडेल. ती नाक पुसत पुढे सरकली आणि म्हणाली, "आवाज वाडीव." तिला ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघायचं होतं. मध्येच नावाचा अर्थ सांगितला. तंबाखूचा ढीग रचून ठेवला की वरून गार दिसतो, पण हात आत घातला की कळतं, आतून तापलाय.

याच गटाने त्याआधी, १९८१ साली, 'मोलकरीण' नावाचा माहितीपट केला होता. पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी १९८० मध्ये केलेल्या संपानंतरच्या संघटनेचा. तोही लगेच लागला. आजीने तोही पाहिला. मग स्वयंपाकघराकडे, जिथे अक्का पोळ्या लाटत होती, एकदा बघितलं आणि काही बोलली नाही.

मी बेळगावात कॉन्व्हेंट शाळेत शिकले. सिस्टर म्हणजे कडक इस्त्रीचा झगा, शिस्त आणि प्रार्थना, अशी माझी समजूत. त्यामुळे त्या दिवसांत सिस्टर जीन डेव्हॉस यांच्याबद्दल वाचलं तेव्हा नवल वाटलं. ही बेल्जियमची जोगीण १९६३ साली भारतात आली आणि १९८५ मध्ये तिने घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. या चळवळीचं मोठं काम मुंबईत उभं राहिलं. दुसऱ्यांच्या घरात, बंद दारामागे, एकेकटं काम करणाऱ्या बायका-मुलींना एकत्र आणायचं. वखारीत निदान शंभर जणी एका छताखाली असतात. घरकामात प्रत्येकीचा मालक वेगळा आणि वखारही वेगळी. १६ जून २०११ ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारताने बाजूने मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. आपल्या कर्नाटकाने मात्र २००४ मध्येच घरकाम किमान वेतनाच्या यादीत आणलं होतं. मी इथे राहते आणि मला पत्ता नव्हता.

आजीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "देवाला वाहिलेली बाई, आणि युनियन करते."

आजी म्हणाली, "मग? देवाचं काम म्हंजे आनी काय असतंय?"

अक्का तिसऱ्या दिवशी आली होती. तिच्या मुलीला ताप होता, फोन रिचार्ज केलेला नव्हता. मी त्या महिन्याचे पैसे कापले नाहीत. एवढ्यावर मला बरं वाटलं असतं, पण आजीने तेही होऊ दिलं नाही. "या म्हैन्यात तुला दया आली. फुडच्या म्हैन्यात न्हाई आली तर?"

मग नवरा आणि मी बसलो. आठवड्याला एक सुट्टी, महिन्याला दोन भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार, दरवर्षी वाढ. नवऱ्याचं म्हणणं, तोंडी सांगू. मी अक्काला सांगितलं, तर ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरदु कोडी." लिहून द्या. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. आपण एवढं देतोय आणि हिचा विश्वास नाही? आजी मात्र खूश झाली. गालातल्या गालात हसून म्हणाली, "हुशार हाय."

माझं कन्नड लिहिणं कच्चं. मुलाने शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये तो कागद लिहिला, मी आणि अक्काने सह्या केल्या. सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलं, तेव्हा दोघींनी लिहिलं की तुमच्यामुळे सगळ्यांचे दर बिघडतील. एकीने ग्रुपच सोडला. तीन घरांनी मात्र तोच कागद मागवून घेतला. तीनच. आजीला सांगितलं, तर म्हणाली, "आमच्या पैल्या सभंला किती हुत्या वाटतंय तुला?"

आजी आता निपाणीला परत गेली आहे. गुडघा बरा आहे. फोन केला की आधी माझी, मग मुलाची चौकशी करते, आणि शेवटी न चुकता विचारते, "अक्का काय म्हनती? रजा घेती का न्हाई?"

घेते, मी सांगते. परवाच घेतली. भांडी मी घासली.