निरोपाचे भाषांतर

भाषांतराचे वर्ग आम्ही पुष्कळ वर्षे घेतले. मुळातला प्रत्येक शब्द दुसऱ्या भाषेत उतरला म्हणजे अर्थही उतरलाच असे समजू नये, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही कधी अडखळलो नाही. आम्हांला मात्र तो धडा एका संगणक-प्रणालीने दिला.

आमच्या एका सरांनी बोलीतल्या शब्दांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या होत्या. त्यांची प्रणाली सी-शार्पमध्ये होती. ती आम्ही हौसेने जावात आणली. अशा प्रणालीत घटना असतात आणि श्रोते असतात. 'जतन करा' ही घटना घडली की तिच्याकडे नाव नोंदवलेल्या सर्वांना हाक जाते. शब्दाची नोंद दाखवणारी खिडकी उघडताना नाव नोंदवते, मिटताना काढून घेते. २००२ साली आलेल्या सी-शार्पमध्ये ही सोय भाषेच्या अंगातच आहे: जोडायला एक चिन्ह, तोडायला दुसरे. जावात श्रोत्यांची यादी आपणच सांभाळायची असते. २०१४ च्या जावा ८ पासून मेथडचा नुसता निर्देश करून श्रोता उभा करता येतो. आम्ही चिन्हांच्या जागी 'घाला' आणि 'काढा' असे लिहिले. ओळीला ओळ जुळली.

दोन महिन्यांनी सर म्हणाले, "अहो, मी दुरुस्त केलेले शब्द पुन्हा जुने कसे होतात?"

कारण सापडायला आठवडा गेला. सी-शार्पमध्ये दोन निर्देश एकाच वस्तूच्या एकाच मेथडकडे बोट दाखवत असतील तर ते समान मानले जातात. म्हणून निरोपाच्या वेळी नव्याने घेतलेले नाव पहिल्या नावाशी जुळते. जावा असे वचन देत नाही. तोच निर्देश पुन्हा लिहिला की सहसा नवी वस्तू जन्मते. ती यादीत सापडत नाही, आणि सापडली नाही म्हणून कोणी तक्रारही करत नाही. आमच्या मिटलेल्या खिडक्या ऐकतच राहिल्या होत्या. सरांनी पुढे मुख्य यादीत केलेल्या दुरुस्त्यांवर, जतनाची हाक येताच, त्या आपापला जुना मजकूर लिहून टाकत होत्या.

उपाय लहानसाच होता. श्रोता एकदाच घडवून खिडकीजवळ ठेवायचा आणि जाताना तोच परत द्यायचा. त्यासाठी मुळात नसलेली एक ओळ भाषांतरात घालावी लागली. मुळाशी प्रामाणिक राहण्याची वाट त्या जादा ओळीतूनच जात होती. वर्गात आता आम्ही विचारतो: मूळ भाषा न बोलता काय करत होती?

पुसलेल्या दुरुस्त्या परत मिळाल्या नाहीत. सर पुन्हा लिहायला बसले. काही शब्द सांगणाऱ्या म्हाताऱ्या तोवर हयात नव्हत्या. त्या शब्दांपुढची जागा सरांनी कोरी ठेवली आहे.